शिवकन्येचा पट्टा

रोहिणी नक्षत्र कोरडेच चालले होते. शिवकन्या बांधावरच्या गिरिपुष्पाच्या फांद्या कोयत्याने उतरवीत होती. हिरव्या पाल्याचा ढीग ओढून ती रानात पसरी, वर मातीची ओंजळ टाकी आणि पुढच्या झाडाकडे वळे.

युसूफ वडगाव या गावच्या शिवारातला हा मुरमाड माळ तिला कोणी प्रेमाने दिला नव्हता. नवरा वारल्यावर काळी जमीन धाकटा दीर बंकटकडे राहिली आणि कुणालाच नको असलेला हा पट्टा तिच्या वाट्याला आला. "कसा अन् खा," बंकट म्हणाला होता. तिचे नाव मात्र सातबाऱ्यावर लागले नाही. पेरणीची पहिली मूठही तिच्या हातची नको. पांढऱ्या कपाळाची बाई! मूठ टाकायला जाऊबाई छबुबाई येई आणि निघून जाई. मग दिवसभर राबायला मात्र शिवकन्येचा तोच हात चालत असे.

सोसायटीने बांधावर लावायला गिरिपुष्पाच्या काड्या वाटल्या, तेव्हा गड्यांनी त्या चुलीत घातल्या. शिवकन्येने टाकून दिलेल्या काड्या वेचून आणल्या आणि लावल्या. दरसाल छाटायचे, पाला तुरीच्या ओळींत दाबायचा.

"बाई रानात पाला पेरती!" म्हणून लोक हसले. पण हळूहळू खुरप्याखाली खडखडणारा मुरूम मऊ झाला. माती काळपट दिसू लागली.

रोहिणी नक्षत्र कोरडे गेले त्या साली पेरण्या झाल्या आणि पाऊस जो परतला तो आलाच नाही. सारे शिवार करपले. पाल्याखाली ओल धरून शिवकन्येची तूर तेवढी उभी राहिली.

सोसायटीचे चेअरमन सुंदरराव ही तूर दाखवायला केजहून पाहुणे घेऊन आले. बंकट फेटा बांधून बांधावर उभा राहिला.

"कोणी केलं हे?" पाहुण्यांनी विचारले.

"आमी घरच्यांनी," बंकट म्हणाला.

पाहुण्यांना ओवाळायला छबुबाई पुढे झाली. सासू वच्छलाबाईने शिवकन्येला गोठ्यामागे उभे केले होते. "चांगल्या कामाला म्होरं येऊ नगंस."

तूर घरात आल्यावर बंकट जेवताना म्हणाला, "वहिनी, आता तो पट्टा मी करतो. तुमी घरचं बघा."

"कावून, भावजी? दगड होते तवा माझा, अन् माती झाली की तुमचा?"

"जमीन घरची हाय."

शिवकन्येने सासूकडे पाहिले. वच्छलाबाईचे कुंकूही ऐन तरुणपणी गेले होते. ती ताटावरची नजर न काढता म्हणाली, "गप बस. मी बी अशीच बसले."

पण शिवकन्या बसली नाही. दुसऱ्या दिवशी ती आपला पट्टा मागायला सोसायटीच्या मिटिंगीत जाऊन उभी राहिली. साऱ्या खोलीत ती एकटीच बाई.

"तुझं खरं हाय, पोरी," सुंदरराव सौम्यपणे म्हणाले. "पण तू सभासद न्हाईस. घरातलं घरात मिटवा."

तिच्या बांधाच्या काड्या नेऊन आपल्या रानात लावणारेही तिथे होते. त्यांनी माना खाली घातल्या.

ट्रॅक्टर वळायला झाडे आड येतात म्हणून बंकटने ती उपटायला काढली. शिवकन्या एका खोडाला मिठी मारून बसली. "मी सरणार न्हाई!" ती ओरडत होती. सासूने आणि जावेने दंडाला धरून तिला ओढत घरी नेले. मागे मुळांसकट झाडे निघाल्याचा आवाज येत राहिला.

पुढे एकदाच धो धो पाऊस झाला. धरून ठेवायला बांधावर मुळे नव्हती. वरची माती ओढ्याला गेली आणि मुरूम पुन्हा उघडा पडला. बंकटने तिथे लावलेला कापूस गुडघ्यालाही लागला नाही.

"विधवेचा हात लागलता रानाला," बंकट पारावर म्हणाला. "बरकत लई पुढं जात न्हाई."

"तसंच असंल," कोणीतरी म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यानंतर शिवकन्येला रानात पाऊलही टाकू दिले नाही. शेणाची पाटी आणि चूल, यापलीकडे तिला काही उरले नाही.

पारावर बसलेल्यांत दुष्ट माणूस एकही नव्हता. दुष्काळात उभा राहिलेला तो पट्टा प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिला होता. "न्हाई बंकट, हे खोटं हाय," एवढे बोलायला कोणाचे काही जात नव्हते. कोणी बोलले नाही. वाचकहो, आपल्या गावच्या पारावर अशी गोष्ट निघते, तेव्हा आपण काय बोलतो?