ब्रेकबाबांची बाटली

"लागला! ब्रेक लागला!" व्हॅनवाले काका ओरडले आणि घाटाच्या मधल्या वळणावर जमलेल्या माणसांनी टाळ्या पिटल्या.

अर्ध्या तासापूर्वी उतरता उतरता याच काकांच्या जुन्या व्हॅनचं ब्रेक पेडल चिखलात पाय जावा तसं तळाला टेकलं होतं. आत शाळेची नऊ मुलं. हँडब्रेक ओढून त्यांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. त्या वळणावरच ठाण मांडून बसणाऱ्या ब्रेकबाबांनी बॉनेट उघडायला लावलं, ब्रेक ऑइलच्या डबीत बाटलीतलं मंतरलेलं पाणी सोडलं आणि फर्मावलं, "अर्धा तास चाक हलवायचं नाही. प्राण मुरतोय!" प्राण मुरला. पेडल दगडासारखं घट्ट झालं.

"वाहनाचा प्राण ब्रेकमध्ये! आणि ब्रेकचा प्राण?" बाबा गरजले.

"बाटलीत!" गर्दीने सूर धरला.

गर्दीच्या मागे विज्ञानाच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी टाळी वाजवली नाही. त्यांच्या धाकट्या भावाने जुन्या टेम्पोत इथेच दोनदा पाणी घालून घेतलं होतं. तिसऱ्यांदा घट्ट झालेलं पेडल बघून तो हसत निघाला आणि खालच्या वळणावर कठडा तोडून दरीत गेला. तेव्हा बाबा म्हणाले होते, "श्रद्धा कमी पडली." ते वाक्य बाईंनी आठ महिने जपून ठेवलं होतं, ठेवणीतला चाकू जपावा तसं.

काकांनी चावी फिरवली. बाई पुढे झाल्या.

"काका, जरा थांबा. बाबा, तुमची बाटली देता? एका गाडीला फार गरज आहे."

बाबा खूश झाले. "घ्या ताई. निःसंकोच घ्या."

बाई बाटली घेऊन सरळ बाबांच्या जीपपाशी गेल्या. बॉनेटच्या कड्या बाहेरच होत्या. त्या काढल्या, डबीचं झाकण फिरवलं आणि बाटली तिरकी केली.

बाबांनी झडपच घातली. "अहो, वेड लागलंय का? त्यात पाणी गेलं तर मरेन मी!"

काका व्हॅनमधून खाली उतरले.

"मग आमच्या गाडीत काय घातलंत?" काकांचा आवाज चिरकला.

"तुमचं वाहन वेगळं. माझं तपाचं वाहन..."

"तपाला सीलबंद डबा लागतो होय?" बाईंसोबत आलेला गॅरेजचा मिस्त्री म्हणाला. "दर वर्षी माझ्याकडे येता. नवं ब्रेक ऑइल डोळ्यांसमोर फोडायला लावता. एकदा तरी पाणी घाल म्हणालात?"

दोघे-तिघे बाह्या सरसावत पुढे आले. बाई आडव्या आल्या. "हात लावायचा नाही. मार खाल्ला की उद्या हा हुतात्मा होईल. याला कामाला लावायचंय मला."

त्यांनी पर्समधून सुई नसलेली सिरिंज काढली, मिस्त्रीने आणलेल्या नव्या ब्रेक ऑइलने काठोकाठ भरली आणि टोकाला बोट लावून काकांपुढे धरली. "दाबा." दट्ट्या हलला नाही. मग आत थोडी हवा घेतली. "आता दाबा." दट्ट्या सरकला.

"हेच तुमचं पेडल. ऑइल दबत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. ऑइल जुनं झालं की हवेतलं पाणी शोषतं. उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते. वाफ दबते, पेडल तळाला जातं. अर्धा तास थांबलं की गार होऊन वाफेचं पुन्हा पाणी होतं, पेडल घट्ट. प्राण मुरत नव्हता, गाडी गार होत होती. आणि हा माणूस आणखी पाणी ओतून पुढचा घात पेरत होता."

"बाई, मला काय कल्पना..." बाबा पुटपुटले.

"कल्पना होती. आत्ता सगळ्यांसमोर बोललात, 'मरेन मी.' माझ्या भावाची श्रद्धा जराही कमी नव्हती. ती पुरी होती, म्हणून तो गेला. चढा व्हॅनमध्ये. पायाने काम करा."

नऊ मुलं मागून आलेल्या बसमध्ये बसवली. मिस्त्रीने डबी रिकामी करून नवं ऑइल भरलं आणि पाना घेऊन चाकाशी आडवा झाला. बाबा झगा सावरत ड्रायव्हरच्या जागेवर बसले. बाई दारात.

"दाबा. धरून ठेवा." चाकामागचं ऑइल सोडायचं निपल मिस्त्रीने सैल केलं आणि काळंकुट्ट, बुडबुड्यांचं ऑइल नळीतून बरणीत आलं. निपल आवळलं. "सोडा. पुन्हा दाबा."

"पाय भरून आला हो..."

"उजवं मागचं चाक झालं. अजून तीन आहेत. दाबा."

चारही चाकांतून स्वच्छ ऑइल येईपर्यंत बाबांच्या दाढीतून घाम ठिबकत होता. कुणी त्यांना पाणी विचारलं नाही. तोवर बाईंनी आधीच बोलावलेल्या पोलिसांची गाडी आली. बाईंनी काळ्या ऑइलची बरणी आणि भावाच्या टेम्पोतल्या ऑइलचा तपासणी अहवाल फौजदारांच्या हातात दिला. बाबा मान खाली घालून पोलिसांच्या गाडीत चढले. बाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या, समाधान होईपर्यंत.

मग त्या गर्दीकडे वळल्या.

"गार झाल्यावर ब्रेक लागला, म्हणजे ब्रेक बरा झाला असं समजू नका. गाडी जागेवर ठेवा, मिस्त्रीला बोलवा, ऑइल बदला. आणि कुणी कसलाही इलाज सांगितला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: हा तुम्ही स्वतःवर करता का? उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका."