वीणेच्या पाळीची रांग

या मित्रांनो, जरा जवळ सरका. टाळांच्या आडून हळूच एक गोष्ट सांगते.

मी एक जुनी रांग आहे. प्रोग्राम लिहिणारे मला ॲरे म्हणतात. कळस गावच्या हरिनाम सप्ताहासाठी तिथल्याच सुप्रियाने मला लिहिलं. आधी तिने एक क्लास रचला. क्लास म्हणजे घरच म्हणा. माहिती आणि तिच्यावर चालणारी कामं तिथे एकत्र नांदतात. त्या घरात माझे कप्पे, शून्यापासून मोजलेले. एकेका कप्प्यात एकेक नाव.

सप्ताहात वीणा जमिनीला टेकत नाही, एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. गावच्या पहिल्या सप्ताहात ज्या घराची माणसं ज्या क्रमाने उभी राहिली, तोच क्रम आजही चालतो. माझ्या शून्याच्या कप्प्यात गेणबा, पुढच्यात रावजी. एकाची पाळी सरली की पुढच्या कप्प्यातल्या माणसाला मोबाईलवर निरोप जायचा. सुप्रियाने माझ्यापुढे ‘कायम’ असा शब्द लिहिला आणि मी निर्धास्त झाले. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग सगळे मला विसरले. मंडपातल्या टेबलावर, संगणकाच्या पोटात, मी अभंग ऐकत डुलत राहिले.

यंदा पहिल्या सकाळी गेणबा वीणा घेऊन उभे असताना सुप्रियाच्या मदतीला आलेल्या सौरभला फलकावर नावं लावायची होती. त्याने माझ्या घराच्या, म्हणजे त्या क्लासच्या, दारात मला मागितलं आणि अक्षरांच्या क्रमाने लावलं. त्याला वाटलं, हातात नक्कल आहे. पण ती मीच होते. ‘कायम’मुळे माझ्या जागी दुसरी रांग आणता येत नव्हती एवढंच. कप्पे मात्र उघडे राहिले होते. शून्यात अविराज आला, गेणबा एकात सरकले. झोपेत कूस बदलावी तसं झालं आणि मी वेगळीच झाले.

पाळी सरली. पुढच्या कप्प्याला निरोप गेला, तो गेणबांच्याच खिशात वाजला. ते हसले आणि पुढच्या पाळीलाही तसेच उभे राहिले. आधीच त्यांचे गुडघे दुखरे. बऱ्याच वेळाने ठमाबाई चहा घेऊन आल्या.

“आबा, अजून तुमीच? रावजी कुठं हाय?”

“मोबाईल म्हणतुया, तुमचीच पाळी. पांडुरंगाला माजी सोबत हवी आसंल.”

“त्याला हवी आसंल. गुडघ्यांना इचारलं का?”

“मग खाली ठिवू व्हय?”

पाळी नसताना वीणा गळ्यात घालायची रीत नाही, म्हणून कुणी पुढे होईना. गेणबांचे पाय थरथरू लागले. वीणेचा भोपळा सतरंजीच्या जवळ जवळ आला. तेव्हा सुप्रियाने घाबरून मला उघडलं. माझा क्रम बघून तिने रावजींना फोन लावला.

“न्हाऊन, टोपी घालून बसलोय की,” रावजी म्हणाले. “तुमीच सांगितलं, निरोपाबिगर यायचं न्हाय.”

ते धावत आले. दोघे एकमेकांच्या पाया पडले, वीणा गळ्यातून गळ्यात गेली आणि गेणबा मटकन खाली बसले. सौरभ त्यांचे पाय चेपू लागला.

“मला वाटलं नक्कल हाय, आबा.”

“आसू दे. फुकटची शेवा घडली,” गेणबा म्हणाले. “जोरात दाब, हात न्हाईत व्हय तुला?”

सुप्रियाने मला पुन्हा जुन्या क्रमाने लावलं, एकेक कप्पा मिटला. आता मागेल त्याला माझी नक्कल मिळते, मी घरातच राहते.

मित्रांनो, जे जपायचं त्याला ‘कायम’ म्हणून मोकळे होऊ नका, आतले कप्पेही मिटा. आणि कुठे वीणेची तार कानावर आली, तर गेणबांची आठवण काढा. चुकून आलेला निरोपही त्यांनी देवाचा मानला आणि वीणा टेकू दिली नाही.