दुसऱ्या खिळ्यावरची कढई

मी एक जुनी लोखंडी कढई आहे, आणि जुनी म्हटलेलं मला मुळीच लागत नाही. लागतं ते त्या स्टीलच्या डब्यांना. त्यांना मरेपर्यंत नव्यासारखं चकाकायचं असतं. लोखंडाचं तसं नाही, मित्रांनो. आम्ही जितके जुने होतो तितके हाताला चांगले येतो. आता तुम्ही माझ्याजवळ बसलाच आहात, तर माझी गोष्ट ऐकूनच उठा.

माझा जन्म तुमसरच्या बाजारातला. भय्याजी लोहारानं जाड पत्रा भट्टीत लाल केला आणि ठोकठोक ठोकून मला पोट दिलं. त्याच्या हातोड्याचे खळगे अजून माझ्या पाठीवर आहेत. मला विकत घ्यायला एक माणूस आपल्या लेकीला घेऊन आला होता. लेकीचं लग्न ठरलं होतं, तिच्या आंदणासाठी भांडी बघणं चाललं होतं. बाप बिचारा शेजारच्या दुकानातल्या चकचकीत पातेल्यांकडे ओढत होता. लेकीनं मात्र बोटाच्या पेरानं मला टिचकी मारली, माझा आवाज ऐकला आणि दोन्ही हातांनी मला उचलून घेतलं.

"भांडं जड पाह्यजे, बाबा," ती म्हणाली. "हलक्या भांड्यात तेल घाई करते."

तिचं नाव उर्वशी. त्या एका वाक्यावर मी तिची झाले.

लग्न होऊन ती चिखल्याला आली. तिचा नवरा घनश्याम तिथल्या मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली कामाला. खाण कामगारांच्या वसाहतीतल्या एका क्वार्टरच्या स्वयंपाकघरात उर्वशीनं पहिल्याच आठवड्यात माझ्यासाठी खिळा ठोकला. ती होती चांगली उंचनिंच. तिनं आपल्या हाताच्या अंदाजानं खिळा मारला, तो इतका वर गेला की घनश्यामनंही थट्टा केली, कढई टांगायची आहे की झेंडा.

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. पोळ्याच्या सणाला पुऱ्या, तलावातल्या लहान मासोळ्या, पाहुणे आले की कांद्याची भजी. शेजारच्या जनाबाई तर वास आला की काहीतरी निमित्त काढून यायच्याच, आणि भज्यांचं श्रेय उर्वशीला न देता मला द्यायच्या. मी फुगायचे, खोटं कशाला सांगू.

पण माझं खरं कौतुक उर्वशी करायची, ते काम संपल्यावर. ती मला साबण कधी लावत नसे. कोमट पाण्यानं धुवायची, आचेवर ठेवून कोरडी करायची, आणि मी तापलेली असतानाच जवसाच्या तेलाचा हात फिरवायची. वर्षातून एकदोनदा अर्धा कापलेला कांदा घेऊन त्या तेलासकट मला आतून गोल गोल घासायची. त्यालाच ती कढईला तेल पाजणं म्हणायची. तिची लहानगी लेक, हर्षा, ओट्यावर पाय हलवत बसलेली असायची. कांदा धरायचा हट्ट करायची, आणि धूर डोळ्यांत गेला की रडायची. असं तेल पीत पीत माझ्या पोटात एक काळाभोर, गुळगुळीत थर बसला. त्यावर पुरी टाकली की नुसती घसरायची. तो थर बाजारात मिळत नाही, मित्रांनो. तो एका माणसाच्या हातानं वर्षानुवर्षं भरावा लागतो.

मग उर्वशी आजारी पडली. दवाखाने झाले, नागपूर झालं. एक दिवस घरात खूप माणसं जमली आणि चूल पेटली नाही.

त्यानंतर मी खिळ्यावरच राहिले. घनश्याम कुकरमध्ये वरण-भात लावायचा, बापलेक मुकाट्यानं जेवायचे. कुणी मला काढायला हात वर केला की हर्षा म्हणायची, राहू द्या. एवढंच. मला आधी त्याचं बरं वाटलं. पण मान म्हणून खिळ्यावर टांगलेलं भांडं म्हणजे शेवटी टांगलेलंच भांडं. माझ्या काठावर तांबडा गंज चढला. ओट्यावर कधीकधी त्या पोरीचा हात टेकलेला दिसायचा, आणि मला तो इतका दूर वाटायचा की काय सांगू.

मागच्या वर्षी घनश्यामनं दुसरं लग्न केलं. नवी आलेली रिता. गोसीखुर्दच्या धरणात जी गावं गेली, त्यांतल्या एका गावची ती. पुनर्वसनाच्या वसाहतीत लहानाची मोठी झालेली, बुटकी, बोलायला कमी आणि कामाला चटपटीत. माझ्या खिळ्याला तिचा हात पुरायचा नाही. तिनं कधी प्रयत्नही केला नाही. पहिल्या दिवशी तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि मी कुणाची आहे हे ती न सांगता समजली.

हर्षा तेव्हा तेराची. तुम्हाला वाटेल, सावत्र आई आली म्हणजे आदळआपट झाली असेल. तसं काही झालं नाही, आणि रिताला तेच खुपायचं. हर्षा नीट वागायची, पानात पडेल ते खायची, ताट उचलून ठेवायची. पण मागायची काही नाही. आणखी वाढू का म्हटलं की नको. वेणी घालून देऊ का, नको. रिताला ती कुठल्याच नावानं हाक मारत नसे. घरच्या पोरीनं पाहुणीसारखं वागावं, हे रिताच्या जिवाला फार लागायचं. या पोरीनं आपल्याजवळ एकदा तरी काही मागावं, एवढीच तिची इच्छा होती. पोळ्या लाटताना ती हे स्वतःशीच पुटपुटायची, म्हणून मला माहीत.

आता त्या कोरियन प्रकरणाकडे येते. हर्षाला मोबाईलवर कोरियाच्या मालिका बघायचं वेड. त्यांतली माणसं सारखी काहीतरी कुरकुरीत, लालबुंद, चिकट असं कोंबडीचं खात असतात. एकदा मैत्रिणीशी बोलताना हर्षा म्हणाली, असे पंख जन्मात एकदा तरी खायचे आहेत. रिता भाजी निवडत होती. तिनं ते कानात साठवलं.

तिनं गुपचूप मोबाईलवर कृती बघितली. कोंबडीच्या दुकानात जाऊन नुसते पंख मागितले, तेव्हा दुकानदार राजकुमारनं विचारलं म्हणे, वहिनी, बाकीची कोंबडी कोणाले देऊ. तरी त्यानं सकाळभरचे पंख जमवून ठेवले. पण रितानं ते तळले ॲल्युमिनियमच्या पातळ कढईत. तेल एकदम कडकडीत तापलं, पंख टाकताच गार पडलं, आणि वरचं पीठ लगदा होऊन सुटलं. उर्वशी असती तर म्हणाली असती, तेलानं घाई केली. हर्षानं दोन तुकडे खाल्ले, चांगलं झालं म्हणाली आणि हात धुतले. रिताला कळायचं ते कळलं.

कृतीत जाड बुडाचं भांडं सांगितलं होतं. रितानं घनश्यामला विचारलं, ती कढई घेऊ का. तो ड्युटीवरून आलेला, अंगावर खाणीची काळी धूळ, डोळ्यांत झोप. घे ना, लोखंडच तर आहे, म्हणाला. पुरुषांना कधीकधी काय विचारलं जातंय तेच कळत नाही.

एके दिवशी हर्षा शाळेत असताना रिता स्टुलावर चढली आणि टाचा उंच करून तिनं मला खाली काढलं. किती दिवसांनी माणसाचा हात लागला मला. मी मोहरून गेले. तिनं माझा गंज बघितला, आतला काळा थर बघितला आणि तिच्या मनात आलं की पोरीच्या आईची वस्तू अशी मळलेली का राहावी. तिनं माझ्यात धुण्याचा सोडा उकळला. चिंच लावली, विटेचा भुगा घेतला, तारेची घासणी घेतली आणि दुपारभर अंगणात बसून मला घासलं. तिचे हात सोलवटले. मी ओरडू शकत नव्हते. गंज गेला, आणि त्याबरोबर तो काळा थरही गेला. सगळं मायेनंच झालं, मित्रांनो, म्हणून तर मला तिच्यावर रागही धरता येईना.

संध्याकाळी हर्षा आली. ओट्यावर मी पांढरी फटक, चांदीच्या ताटासारखी चकाकत होते. रिता दाराशी उभी, जरा हसत, शाबासकीची वाट बघत. हर्षानं दप्तर खाली ठेवलं. जवळ येऊन माझ्या पोटातून तळवा फिरवला. तिचा हात जागोजागी अडखळला.

"काहून घासली?" तिनं विचारलं. आवाज बारीक होता. "याच्यात माह्या आईचा हात होता. तुमी घासून टाकला."

आणि ती रडायला लागली. वर्षभरात त्या घरात ती पहिल्यांदा रडली.

रिता खालीच बसली. मला ठाऊक नव्हतं, मी तुझ्यासाठीच केलं, असं काही ती म्हणाली नाही. म्हणाली ते असं.

"आमचं गाव पाण्यात गेलं ना, तवा माह्या आईनं चुलीची माती पदरात बांधून आणली होती. लोक हासले तिले. मी नाही हासली. मले तं समजाले पाह्यजे होतं, बाई."

हर्षा बाहेर ओसरीवर जाऊन बसली.

पंख तर आणून ठेवलेलेच होते. आलं, लसूण, मीठ, मिरपूड लावून मुरत पडलेले. टाकून कसे द्यायचे? रितानं डोळे पुसले, पंखांना तांदळाचं पीठ लावलं, माझ्यात तेल ओतलं आणि तळायला घेतलं. पण मी तर आतून उघडीवाघडी. कच्च्या लोखंडाला पंख असे चिकटले की झाऱ्यानं ओढताच पीठ माझ्याकडे आणि मांस तिच्याकडे. करपल्याचा वास घरभर झाला. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

वास ओसरीपर्यंत गेला असणार. हर्षा दारात येऊन उभी राहिली. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा रिताच्या सोलवटलेल्या बोटांकडे.

"गॅस बंद करा," ती म्हणाली. "हिले आधी तेल पाजा लागते."

ती गेली ती जनाबाईंकडून जवसाच्या तेलाची वाटी घेऊनच आली. दोघींनी मला रिकामी करून खरवडलं, धुतलं, आचेवर कोरडी केली. खिडकी उघडली. हर्षानं कांदा अर्धा कापला, तेलात बुडवला आणि रिताच्या हातात दिला. रिता भांडं घासतात तसं पुढे-मागे करू लागली.

"तसं नाही," हर्षा म्हणाली. "आई अशी फिरवे."

आणि तिनं रिताच्या हातावर आपला हात ठेवला. बुडापासून सुरुवात, गोल गोल वर येत, काठाशी जरासा दाब. मित्रांनो, तो फेरा मी ओळखला. ओट्यावर पाय हलवत बसलेल्या त्या लहान पोरीनं तो जसाच्या तसा जपून ठेवला होता. मला वाटत होतं, उर्वशीचा हात माझ्या पोटात आहे आणि आता तो पुसला गेला. तो तर तिच्या लेकीच्या मनगटात शाबूत होता, आणि तिथून आता आणखी एका हातात उतरत होता. धूर झाला. दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि धुराचं कोणतं नि दुसरं कोणतं, हे कुणी विचारलं नाही.

पुन्हा तेल, पुन्हा आच, पुन्हा कांदा. मी हळूहळू सावळी झाले, मग तपकिरी, मग काळसर.

तेव्हा कुठे उरलेले पंख माझ्यात पडले. मी तेलाला मुळीच घाई करू दिली नाही. पहिल्या तळणीत ते फिक्के निघाले. रिताचा चेहरा उतरला, पण हर्षा म्हणाली की असेच पाहिजेत, थोडे निवू द्यायचे आणि पुन्हा तळायचे. दुसऱ्या तळणीत तेलाचा आवाज बदलला, बारीक आणि कोरडा झाला, आणि झाऱ्यात घेताच पंख खडखडले. कोरियाची मिरचीची चटणी चिखल्यात कुठली मिळायला? रितानं आपल्या लाल मिरच्या भिजवून वाटल्या, त्यात लसूण, गूळ, सोया सॉस आणि थोडं व्हिनेगर घालून दाटसर शिजवलं. पंख त्यात घोळले, वरून तीळ टाकले. जनाबाईंच्या चुलीतला निखारा वाटीत ठेवून त्यावर तूप सोडलं आणि झाकण घालून धुराचा वास दिला. कोरियातली माणसं कशी करतात देव जाणे, आम्ही असं केलं.

दोघी जमिनीवरच बसल्या. दारापर्यंत कुरुमकुरुम ऐकू येत होतं. हर्षानं ताट संपवलं, बोटं चाटली. ताट उचलायला ती उठेल म्हणून रिता सरकून बसली. हर्षा उठली नाही. तिनं ताट पुढे केलं.

"अजून आहेत का?"

रितानं सगळे तिच्या ताटात घातले. आपल्यासाठी एकही ठेवला नाही. मग हर्षानंच त्यातले दोन उचलून तिच्या ताटात ठेवले.

त्या दिवसापासून मी पुन्हा कामाला लागले. माझा तो जुना थर परत आला, असं मी म्हणणार नाही. हा नवा आहे, अजून पातळ आहे. दोन हातांचा आहे.

जाता जाता तुमच्या या म्हाताऱ्या कढईचं एवढं ऐका. लोखंडाच्या भांड्याला सोडा-विटेनं घासू नका. धुवा, आचेवर कोरडं करा, तेलाचा हात द्या. आणि गेलेल्या माणसाची वस्तू तुमच्या घरात असेल तर तिला मान म्हणून उंचावर टांगून ठेवू नका. ती वापरा. ती कशी वापरायची हे ज्याला आठवतं, त्याला विचारा.

आणि हो, पंख खाल्ले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी घरात ठोकण्याचा आवाज आला. घनश्यामला वाटलं, शेजारी काहीतरी चाललंय. हर्षा स्वयंपाकघरात हातोडी घेऊन उभी होती. आधी तिनं रिताला भिंतीशी उभं केलं, हात वर करायला लावला आणि जिथे बोटं पोहोचली तिथे पेन्सिलीनं खूण केली. आईचा खिळा तिनं काढला नाही. तो वर आहे तसाच आहे. त्याच्या खाली, हातभर अंतरावर, तिनं दुसरा ठोकला. मी आता तिथे असते.