न्यूट्रलमधली गाडी

त्या गावात गाडी लावायची एक रीतच पडून गेली होती. जागा कुठेच नसे, म्हणून दुसऱ्याच्या गाडीला खेटून भर रस्त्यात लावायची, गिअर न्यूट्रलला टाकायचा आणि हँडब्रेक मात्र अजिबात ओढायचा नाही. ज्याची वाट अडेल त्याने ती ढकलून पुढे सारायची आणि आपली काढायची. हँडब्रेक ओढून गेलेल्या माणसाची लोक आठवडाभर सालटी काढत. हॉर्न ऐकून तर सगळ्यांचे कान इतके किटले होते, की मागे वळून पाहणारा परगावचा समजावा.

यावर उतारा म्हणून वर्षानुवर्षं बंद पडलेला रेल्वेचा फाटा पुन्हा सुरू होणार होता. लोकांनी गाड्या घरी ठेवाव्यात आणि रेल्वेने बाजारात यावं, असा बेत. रुळांमधलं गवत निघालं होतं, गावकऱ्यांनी तिथे लावून ठेवलेल्या गाड्याही हलल्या होत्या. फाटक तेवढं बसायचं राहिलं होतं. त्या दुपारी नुसतं इंजिन चाचणीला येणार होतं आणि ते बघायला अख्खं गाव लोटलं होतं.

नेमकी त्याच दुपारी झेरॉक्सवाली आपल्या आईला हॉस्पिटलमधून दुकानामागच्या घरी घेऊन आली. आईच्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर होतं. भावाने "आमच्याकडे जिना आहे" म्हणून हात वर केले होते, तेही आईच्या खाटेपाशी उभं राहून. जणू बहिणीकडे लिफ्टच लागली होती! आईने तेव्हा शाल अंगावर ओढून तोंड भिंतीकडे वळवलं होतं.

दुकानासमोर गाडी थांबली तेव्हा आई मागच्या सीटवर आडवी होऊन झोपली होती. झेरॉक्सवालीने सवयीने गिअर न्यूट्रलला टाकला आणि चाकाची खुर्ची आणायला ती मागच्या खोलीत गेली. खुर्चीवर कागदाचे गठ्ठे रचलेले होते. ते उतरवण्यात थोडा वेळ गेला.

ती बाहेर आली तर गाडी जागेवर नव्हती.

"काका, माझी गाडी?"

बेकरीवाले काका हात झटकत हसले. "पुढे सारली की! पाववाल्या टेम्पोला वाट हवी होती. मग पुढच्यानं अजून थोडी सारली. पलीकडे उतार लागला, तशी आपणहूनच निघाली बघ."

"काका, आत आई आहे!"

काकांचं हसू तिथेच विरलं. काळ्या काचांमधून त्यांना आतलं काही दिसलंच नव्हतं आणि हॉर्नच्या गोंगाटात ऐकूही आलं नव्हतं.

ती उतारावरून रुळांकडे धावत सुटली. गर्दीची तोंडं इंजिनाकडे होती, झेंडेवाला मुलांना मागे लोटत होता. गाडी बरोबर रुळांवर आडवी उभी होती. वळणावरून इंजिन हॉर्न देत येत होतं, आणि त्या हॉर्नला गावात कोण विचारतो?

तिने डिकीला खांदा लावला. गाडी हलेना. जी गाडी एका हाताने सरकायची ती ढिम्म! तिने पुढचं दार उघडलं.

आई दोन सीटांच्या मधून पुढे झुकली होती. डोळे घट्ट मिटलेले, आणि दोन्ही हातांनी तिने हँडब्रेक ओढून धरला होता. नवऱ्याच्या टॅक्सीत शेजारी बसून एवढं ती शिकली होती.

"आई, सोड! सोड तो!"

"नको गं, घरंगळेल! मी धरलीय म्हणून थांबलीय!"

"इंजिन येतंय, आई!"

आईने पकड आणखी आवळली. बोटं सुटेनात. इंजिनाची घरघर आता सीटमध्ये जाणवत होती. झेरॉक्सवालीला दुसरं काही सुचलं नाही. तिने आईच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. आई किंचाळली, हात सुटले, तशी लेकीने बटण दाबून ब्रेक खाली केला. तिने दाराच्या चौकटीला खांदा दिला, मागून धापा टाकत काकांनी जोर लावला आणि गाडी रुळांपलीकडे गेली. इंजिन करकरत मागून निघून गेलं. पुढच्या गर्दीने टाळ्या वाजवल्या. त्यांना यातलं काही माहीतच नव्हतं.

ती मागच्या सीटवर आईजवळ जाऊन बसली. आईच्या मनगटावर दात उमटले होते.

"मला जाग आली तर गाडी चालली होती," आई हळू आवाजात म्हणाली. "काच बडवली, हाका मारल्या. मागे बघितलं, तर सगळे हसत हसत ढकलत होते." तिने मनगट चोळलं. "तू पण होतीस का गं त्यांच्यात?"

"आई! नाही गं! मी खुर्ची आणायला गेले होते, तुझ्यासाठी."

"बरं, बरं," आई घाईघाईने म्हणाली. लेकीने हात धरायला हात पुढे केला, तसा तिने आपला हात चटकन शालीखाली ओढून घेतला.