दहावी टोपी

सगळे इस्रायलला गेले. जाताना डोळे पुसले, पत्रं पाठवू म्हणाले, आणि पुण्यातल्या आमच्या प्रार्थनालयातले बाक रिकामे करून गेले. तेव्हा मला त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. मग आमचा लेक एलियाझर वारला, ऐन विशीत, न्यूमोनियानं, आणि मला त्या एकेकाचा राग येऊ लागला.

मेलेल्या माणसासाठी आमच्यात कद्दिशची प्रार्थना म्हणतात. मुलगा गेला तर बापानं उभं राहून मोठ्यानं म्हणायची, बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. त्याला दहा मोठे ज्यू पुरुष लागतात. नऊ चालत नाहीत. बायका तर धरतच नाहीत. ज्याला नऊ महिने पोटात वागवलं, त्याच्यासाठीसुद्धा माझी गणती नाही. लेकरासाठी हे तीस दिवस करायचं असतं. दफनालाही दहा जमले नव्हते. त्यानंतर आमचे हे रोज जात आणि न म्हणताच परत येत.

मच्छिंद्र हे यांचे खडकीच्या कारखान्यातले मित्र. येरवड्याला राहतात, बौद्ध आहेत. संध्याकाळी येऊन यांना समजावत, की डोळे मिटून बसा, नुसता श्वास पाहा, मन शांत होतं.

"आमच्यात एकटा माणूस पुरतो," ते म्हणाले. "देवसुद्धा लागत नाही."

"आमच्यात देव आहे हो," हे म्हणाले. "माणसंच भरत नाहीत."

तिसाव्या दिवशी मी वर बायकांच्या सज्ज्यात बसले होते. आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत, ते वाईट मानतात. दहा शब्दांची प्रार्थनेची एक ओळ आहे, तिचा एकेक शब्द एकेका माणसावर टाकत जायचं. वरून नुसत्या टोप्या दिसतात. मी शब्द टाकत गेले आणि शेवटचा शब्दही एका टोपीवर पडला. महिनाभरात पहिल्यांदा माझा जीव भांड्यात पडला. खाली हे उभे राहिले, पुस्तक उघडलं.

तेवढ्यात हज्जान, म्हणजे आमची प्रार्थना चालवणारे, मागच्या बाकाशी गेले आणि वाकून काही बोलले. त्या टोपीनं मान वर केली. मच्छिंद्र होते. दारातल्या पेटीतली पाहुण्यांची टोपी घालून, मित्राच्या पाठीशी बसावं म्हणून आले होते बिचारे. हज्जाननी यांची क्षमा मागितली. यांनी पुस्तक मिटलं. आमेन म्हणायला धर्म कशाला बघता, असं मी वरून ओरडणार होते. ओरडले नाही. तेवढी शिस्त आमच्या अंगात मुरली आहे.

मच्छिंद्र ओशाळून आमच्याबरोबर घरी आले. थोडा वेळ सोबत बसू म्हणाले. दोघं चटईवर डोळे मिटून बसले. यांचे ओठ हलत होते. मच्छिंद्र हळूच म्हणाले, काही म्हणू नका. येतो तो श्वास पाहा, जातो तो पाहा.

"मच्छिंद्र, इस्पितळात आम्ही दोघं तेच पाहत बसलो होतो," हे म्हणाले. "गेला तो परत आला नाही."

  मच्छिंद्रांनी डोळे उघडले आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, की सगळे इस्रायलला गेल्यावर इथे तुमचे दहा भरायचे तरी कसे.

"भरायचे की," हे म्हणाले. "दहावा एलियाझर असायचा."