देवीच्या फळांशेजारी

पाचगणीच्या पठारावर माघाचं कोवळं, केशरी ऊन उतरलं. धुक्याची शुभ्र दुलई विरली, सिल्व्हर ओकची पानं रुपेरी झाली, आणि वैजयंतीच्या अंगणातल्या बारा कुंड्यांत बारा हिरवीगार रोपं उभी राहिली. पानं होती. फूल एकही नव्हतं.

कसं असणार? बाई गं, तुझंच कर्म, तिने स्वतःलाच सुनावलं.

तिच्या सासूबाईंच्या, अन्नपूर्णाबाईंच्या, डोळ्यांतला प्रकाश महिन्यामहिन्याने मावळत होता. होळीपर्यंत जेमतेम उजेड-अंधार कळेल, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. त्याआधी त्यांना एकच हौस होती: कॅलेंडरवर पाहिलेलं ट्युलिप एकदा खरंखुरं बघायचं. म्हणून वैजयंतीने काश्मीरहून कंद मागवले. अडीच महिने ते फ्रिजच्या थंडीत निजवायचे, मग मातीत लावायचे. सोबतच्या कागदावर ठळक लिहिलं होतं, जवळ पिकलेली फळं ठेवू नयेत. आतली कळी जळते.

तिने वाचलं होतं. नीट वाचलं होतं.

पण मार्गशीर्ष आला. सासूबाईंच्या डोळ्यांसाठी तिने चारही गुरुवार धरले. घट मांडला, पाच फळं वाहिली, आणि शुक्रवारी उतरवलेली ती सफरचंदं, ती केळी कंदांच्याच खणात ठेवून दिली. देवीची फळं ती, ती कुणाचं काय वाईट करणार? चार आठवडे तो गोड, मंद, परिपक्व गंध निजलेल्या कंदांवर दरवळत राहिला. चार आठवडे ती हात जोडून दृष्टी मागत राहिली.

आता पानांच्या पोटात कागदासारखी, तपकिरी, वाळलेली कळी.

काठी टेकत सासूबाई अंगणात आल्या. त्यांना आता नुसत्या सावल्या दिसत.

"उमललं का गं? रंग कुठला?"

वैजयंतीने वाळलेल्या कळीकडे पाहिलं.

"लाल, आई. लालभडक."

सासूबाईंची बोटं पुढे आली. पानांवरून, देठावरून चढत चढत कळीशी आली आणि थांबली. वैजयंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग एका दमात तिने सगळं सांगून टाकलं: फळं मीच ठेवली, गुरुवारची, कागद वाचूनसुद्धा.

सासूबाईंनी कळीवरची बोटं काढली नाहीत.

"माझ्या डोळ्यांसाठीच धरलेस ना गुरुवार? मग लालच आहे ते."

त्यांनी ती कळी अलगद खुडली आणि चाचपडत चाचपडत सुनेच्या केसांत खोवली.

वैजयंतीने मान वर केली नाही. ऊन चढत गेलं, दव सुकत गेलं, आणि केसांत ते न उमललेलं फूल टोचत राहिलं, टोचत राहिलं.