फळ्यावरची मोकळी ओळ

साहेबांच्या दिवाणखान्यात शिरलं की समोर तो भिंतभर फळा दिसे. साहेबांच्या एकेका निवडणुकीचं साल, निशाणी आणि मताधिक्य त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं. दोनदा ते सपाटून आपटले होते, पण त्या ओळी फळ्यावर नव्हत्या. या घरात पराभव होतच नसे, फार तर 'आपल्याच माणसांनी घात केला' असं होई. पुढे जागा बायकांसाठी राखीव झाली. मग बायकोला दोनदा उभं केलं आणि ती दोन्ही वेळा निवडून आली. फळ्यावर काय लिहिलं? 'साहेब विजयी (पत्नीमार्फत).' वा रे मर्दा!

ती पत्नी त्या सकाळी चहा घेऊन बाहेर आली. कागदोपत्री ती नगरपालिकेची अध्यक्षा. खुर्चीत बसत साहेब, तिला हाक पडे ती सहीपुरती. एकदा ती एकटीच कार्यालयात गेली, तर शिपायानं विचारलं, "कुणाकडे काम आहे, मावशी?" घरी सगळे पोट धरधरून हसले. तीही हसली होती, आणि त्याची तिला आता लाज वाटे.

निवडणूक तोंडावर आली म्हणून पेंटर स्टुलावर चढून फळ्यावरची अक्षरं उजळत होता. इतक्यात सून ड्युटीला निघाली. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती.

"आज राजीनामा देऊन ये," साहेब पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. "उद्या तुझा अर्ज भरायचाय."

"पण बाबा, मला नाही उभं राहायचं. नोकरी सोडायची नाही मला."

"तुला कोण उभं राहायला सांगतंय? उभा मीच राहणार. तू नुसतं नाव दे. हिचा चेहरा जुना झाला आता."

'हिनं' ट्रे खाली ठेवला.

"तू जा गं कामावर. बस चुकेल," ती सुनेला म्हणाली. "अर्ज मी भरणार. आणि निवडून आले तर खुर्चीत मीच बसणार. तुम्ही या सभेला, चहा मागवीन तुमच्यासाठी."

"माझ्याशिवाय?" साहेब खो खो हसले. "डिपॉझिट जप्त होईल, डिपॉझिट!"

"होऊ दे. हरले तर मी हरेन. आजवर जिंकलेसुद्धा नाही मी."

साहेबांचं हसू तोंडातल्या तोंडात विरलं. सुनेनं सासूकडे पाहिलं, पायांत चपला सरकवल्या आणि ती दवाखान्याकडे निघाली.

"पेंटरदादा, ते 'पत्नीमार्फत' पुसा. साहेबांचं नावही पुसा आणि दोन्ही ओळींत माझं नाव घाला. खाली एक ओळ मोकळी ठेवा. हरले तरी लिहायची."

पेंटरनं रंगात ब्रश बुडवला आणि तो तसाच घुटमळला. तो इथलाच मतदार. दोन्ही वेळा त्यानं तिलाच मत दिलं होतं.

"बाईसाहेब, राग मानू नका," तो ओशाळून म्हणाला, "तुमचं नाव काय?"